काल चालत होती, आज साइट उघडत नाही: व्हेग्रंटच्या मशीनमधला बिघाड नेमका कुठे आहे ते कसं शोधायचं

काल संध्याकाळी साइट व्यवस्थित चालत होती. त्यानंतर कोडला कोणी हात लावलेला नाही. सकाळी लॅपटॉप उघडून व्हेग्रंट अप दिलं (व्हेग्रंट म्हणजे लॅपटॉपच्या आत दुसरी, आभासी मशीन उभी करणारं साधन; अप ही ती सुरू करायची कमांड), तर एकतर पान येतच नाही, नाहीतर ५०२ ही सर्व्हरची एरर येते, नाहीतर पान येतं पण त्याची सगळी रचना उडालेली असते. मग शेजारच्या खुर्चीवरून सल्ला येतो: "डिस्ट्रॉय मार आणि परत अप कर." डिस्ट्रॉय म्हणजे मशीन पुसून टाकणं. त्यात सकाळ जाते, डेटाबेस जातो आणि चार दिवसांनी तेच दुखणं परत येतं, कारण मूळ कारणाला हातच लागलेला नसतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

इथली उदाहरणं एका साध्या मांडणीवर आहेत. विंडोज १० किंवा ११ चा लॅपटॉप, व्हर्च्युअलबॉक्स (आभासी मशीन प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्रॅम), व्हेग्रंट, आत उबुंटू २२.०४ हे लिनक्स, त्यावर एन्जिनएक्स (वेब सर्व्हर), पीएचपी-एफपीएम (पीएचपी चालवणारी सर्व्हिस), मायएसक्यूएल (डेटाबेस) आणि फ्रंटएंडसाठी व्हीट (डेव्ह सर्व्हर). ॲप समजा कांदा लिलावाच्या नोंदींचं आहे: लासलगाव, पिंपळगाव, विंचूर अशा बाजारांची आवक आणि क्विंटलमागे किमान, कमाल, सरासरी भाव. लॅपटॉपला होस्ट म्हणू, आतल्या उबुंटूला गेस्ट. कमांड आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन अक्षरांतच टाइप करायची.

नाशिकमध्ये काम करणाऱ्यांच्या दिवसात तीन गोष्टी सतत घडतात. सिडकोतल्या घरचं वायफाय, कॉलेज रोडच्या ऑफिसचं वायफाय आणि मधल्या वेळेत मोबाइलचा हॉटस्पॉट, असं नेटवर्क दिवसातून दोन-तीनदा बदलतं. मशीन चालू असतानाच लॅपटॉपचं झाकण मिटलं जातं. आणि वळवाचा पाऊस आला की लाइट जाते, बिनयूपीएसचा डेस्कटॉप धाडकन बंद पडतो. "काल चालत होती, आज नाही" या तक्रारीची बहुतेक कारणं या तीन गोष्टींपाशी येऊन थांबतात.

आधी चार प्रश्न, खालून वर

ब्राउझर बंद ठेवा आणि हे क्रमाने तपासा. पहिलं, व्हेग्रंट स्टेटस काय म्हणतं? दुसरं, व्हेग्रंट एसएसएच दिल्यावर आत जाता येतं का? तिसरं, आत गेल्यावर कर्लने (कमांडवरून पान मागवणारं साधन) लोकलहोस्टचं, म्हणजे त्याच मशीनचं, पान मागितलं तर उत्तर येतं का? चौथं, तेच पान होस्टवरून मागितलं तर येतं का? साखळी जिथे तुटते तिथेच बिघाड आहे. त्याच्या वरच्या पायरीवर काहीही बदलू नका. तिसऱ्या प्रश्नाला "नाही" असं उत्तर आलेलं असताना पोर्ट फॉरवर्डिंग (होस्टच्या पोर्टवरची विनंती गेस्टकडे पाठवणारी सोय) बदलत बसलं तर एकाच्या जागी दोन बिघाड होतात.

स्टेटसमध्ये "नॉट क्रिएटेड" दिसलं आणि मशीन काल होती हे तुम्हाला पक्कं माहीत असेल, तर चुकूनही व्हेग्रंट अप देऊ नका. दिलंत तर शेजारी दुसरी, रिकामी मशीन तयार होईल. प्रोजेक्टच्या फोल्डरात डॉट-व्हेग्रंट नावाचं लपलेलं फोल्डर असतं. त्यात मशीन्स, मग डिफॉल्ट, मग व्हर्च्युअलबॉक्स या वाटेने गेलं की आयडी नावाची छोटी फाइल सापडते. मशीनचा यूयूआयडी, म्हणजे तिचा ओळखक्रमांक, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. प्रोजेक्ट दुसरीकडे नव्याने क्लोन केला किंवा साफसफाईत हे फोल्डर उडालं, की व्हेग्रंटची आणि मशीनची ओळख तुटते. व्हीबॉक्समॅनेज लिस्ट व्हीएमएस दिलं की यूयूआयडी मिळतो. तो त्या फाइलीत परत लिहिला की जुनी मशीन तशीच परत दिसते. तिथेच प्रायव्हेट की ठेवलेली असते. तीही गेली असेल तर अप देताना "ऑथेंटिकेशन फेल्युअर, रिट्राइंग" ही ओळ येत राहते. मग व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीतून लॉगिन करून (नाव आणि पासवर्ड दोन्ही बहुधा व्हेग्रंट) आपली पब्लिक की ऑथराइज्ड कीज फाइलीत घालावी लागते आणि तिच्या जोडीची प्रायव्हेट की व्हेग्रंटफाइलमध्ये (प्रोजेक्टमधली मशीनच्या सेटिंगची फाइल) दाखवावी लागते.

मशीनच उठत नाही

"व्हीटी-एक्स इज नॉट अव्हेलेबल" असा मजकूर आला तर आधी टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर गेलं की व्हर्च्युअलायझेशन एनेबल्ड आहे की डिसेबल्ड ते दिसतं. डिसेबल्ड असेल तर बायोसमध्ये जाऊन इंटेलला व्हीटी-एक्स, एएमडीला एसव्हीएम सुरू करायचं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा. बायोस बदलल्यावर विंडोज ती मागू शकतं.

एनेबल्ड असूनही मशीन उठत नसेल, किंवा उठते पण बैलगाडीच्या चालीने, तर व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खाली उजव्या कोपऱ्यात बघा. सीपीयूच्या चिपचं चित्र असायला हवं तिथे हिरवं कासव दिसत असेल तर मामला उघड आहे: हायपर-व्ही (विंडोजचा स्वतःचा व्हर्च्युअलायझेशनचा थर) चालू आहे, प्रोसेसरची सोय त्याने आधीच घेतली आहे आणि व्हर्च्युअलबॉक्स त्याच्यामार्फत काम करतोय. खात्री करायची असेल तर मशीनच्या लॉग्ज फोल्डरात व्हीबॉक्स डॉट लॉग उघडून एनईएम हे अक्षर शोधा. "अटेम्प्टिंग फॉल बॅक टू एनईएम" अशी ओळ सापडली की तेच.

हे एके दिवशी अचानक का होतं? कारण कोणीतरी डॉकर डेस्कटॉप किंवा डब्ल्यूएसएल २ बसवलेलं असतं, किंवा विंडोज सिक्युरिटीतल्या कोअर आयसोलेशनमध्ये मेमरी इंटिग्रिटी सुरू झालेली असते. त्या सगळ्यांना हायपर-व्हीचाच थर लागतो. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये बीसीडीएडिटने हायपरव्हायझर-लाँच-टाइप ऑफ करा, पूर्ण रीस्टार्ट करा. मेमरी इंटिग्रिटी चालू असेल तर तीही बंद करावी लागते. परत आणायचं तर ऑफच्या जागी ऑटो करा. ऑफ असताना डॉकर आणि डब्ल्यूएसएल २ चालणार नाहीत, आणि मेमरी इंटिग्रिटी हे सुरक्षेचं कवच आहे, हे दोन्ही लक्षात घेऊन ठरवा. ज्यांना डॉकर रोज लागतो त्यांनी हा खेळ रोज खेळू नये. प्रोजेक्टच डॉकरवर न्यावा, किंवा कासवाची चाल मान्य करावी.

लाइट जाऊन मशीन पडली असेल तर स्टेटसमध्ये "अबॉर्टेड" दिसतं. हे घाबरण्यासारखं नाही. साधं अप द्या. पण कधीकधी अप "एसएसएच ऑथ मेथड: प्रायव्हेट की" या ओळीवर अडकतं आणि बरोबर ३०० सेकंदांनी टाइमआउट होतं. ते ३०० सेकंद ही व्हेग्रंटची ठरलेली मुदत आहे. अशा वेळी व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत शो दाबून गेस्टचा पडदा बघा. आदल्या वेळी नीट बूट झालं नव्हतं म्हणून उबुंटूचा ग्रब मेनू (बूटच्या सुरुवातीचा) थांबलेला दिसेल, किंवा एफएसके डिस्क तपासत असेल, किंवा बिझीबॉक्सचा (बूट अडकल्यावर मिळणारा साधा शेल) प्रॉम्प्ट असेल. ग्रबवर एंटर पुरतं, आणि पुढच्या वेळेसाठी ईटीसी-डिफॉल्टमधल्या ग्रब फाइलीत ग्रब-रेकॉर्डफेल-टाइमआउट ५ करून अपडेट-ग्रब चालवा. बिझीबॉक्सवर असाल तर तो ज्या पार्टिशनचं नाव सांगतो त्यावर एफएसके वाय ऑप्शनसह चालवून एक्झिट द्या.

मशीन "सेव्ह्ड" अवस्थेत असताना व्हर्च्युअलबॉक्सची आवृत्ती बदलली, तर जतन केलेली अवस्था परत उघडेलच असं नाही. व्हीबॉक्समॅनेज डिस्कार्डस्टेट दिलं की ती टाकून दिली जाते. डिस्क शाबूत राहते, फक्त न जतन केलेली मेमरी जाते. यादीत मशीन "इनॅक्सेसिबल" दिसत असेल तर तिच्या फोल्डरात डॉट-व्हीबॉक्स फाइल शून्य बाइटची झाली आहे का बघा. शेजारीच डॉट-व्हीबॉक्स-प्रीव्ह असते, ती व्हर्च्युअलबॉक्सनेच ठेवलेली आधीची प्रत. तिची कॉपी करून नाव बदललं की मशीन परत येते.

आणखी एक: व्हर्च्युअलबॉक्सने "नवी आवृत्ती आली आहे" म्हटलं म्हणून लगेच बसवू नका. व्हेग्रंट ठरावीक आवृत्त्यांनाच ओळखतो. आधी व्हेग्रंट नवा करा, मग व्हर्च्युअलबॉक्स.

आतून दिसते, बाहेरून नाही

गेस्टमध्ये एसएस कमांड एलटीएनपी या ऑप्शनसह चालवा. ऐकणाऱ्या पोर्टच्या यादीत तुमचा सर्व्हर १२७.०.०.१ वर बसलेला दिसला तर उत्तर मिळालंच. पोर्ट फॉरवर्डिंगने आलेली विनंती गेस्टच्या नॅट कार्डावर (होस्टमार्फत इंटरनेट देणाऱ्या नेटवर्क कार्डावर), म्हणजे १०.०.२.१५ वर येऊन पडते, १२७.०.०.१ वर ऐकणाऱ्याला ती ऐकूच जात नाही. आर्टिसन सर्व्ह असो, जँगोचा रनसर्व्हर असो की व्हीट, त्याला ०.०.०.० वर बसवा. व्हीटच्या कॉन्फिगमध्ये सर्व्हरखाली होस्ट ट्रू लिहिलं की झालं. एवढं करूनही "ब्लॉक्ड रिक्वेस्ट, धिस होस्ट इज नॉट अलाउड" आलं तर वापरलेलं नाव अलाउड-होस्ट्समध्ये घाला. जँगोतही त्याच नावाची यादी आहे.

होस्टवर ८०८० आधीच कोणी धरून बसलं असेल तर नेटस्टॅट एएनओ ऑप्शनसह चालवून त्या ओळीतला शेवटचा आकडा, म्हणजे पीआयडी, टास्क मॅनेजरमध्ये शोधा. तिथे कोणीच सापडत नसेल आणि तरी पोर्ट मिळत नसेल, तर विंडोजने पोर्टचा तो पट्टाच राखून ठेवलेला असू शकतो. नेटएसएच इंटरफेस आयपीव्ही४ शो एक्सक्लुडेड-पोर्टरेंज प्रोटोकॉल टीसीपी दिलं की राखीव पट्टे दिसतात. त्याच्या बाहेरचा आकडा घ्या.

गेस्टला नेटवर्क कार्डं कोणती ठेवायची? आमचं मत स्पष्ट आहे: एक नॅट आणि एक होस्ट-ओन्ली (फक्त होस्ट आणि गेस्ट यांच्यातलं), बस. ब्रिज्ड, म्हणजे थेट वायफायच्या नेटवर्कला जोडलेल्या, कार्डाला प्रत्येक वायफायवर नवा आयपी मिळतो आणि काही वायफायवर मिळतच नाही. घरी चाललेली साइट ऑफिसात न उघडण्याचं ते ठरलेलं कारण आहे. होस्ट-ओन्लीला १९२.१६८.५६.१० द्या. आकडा हाच का? व्हर्च्युअलबॉक्स ६.१.२८ पासून लिनक्स आणि मॅकच्या होस्टवर १९२.१६८.५६.० ते १९२.१६८.६३.२५५ एवढ्याच पट्ट्यातले आयपी चालतात. जुन्या ट्युटोरियलमधला १९२.१६८.३३.१० विंडोजवर चालतो आणि टीममधल्या उबुंटूवाल्याकडे अडतो. तोच हवा असेल तर त्याने ईटीसी-व्हीबॉक्समध्ये नेटवर्क्स डॉट कॉन्फ फाइल करून त्यात पट्टा लिहायचा. पण आकडाच बदलणं जास्त सोपं.

विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर होस्ट-ओन्ली कार्ड बिघडतं आणि इंटनेट-एफएलटी-आयएफ-नॉट-फाउंड अशी एरर येते. एनसीपीए डॉट सीपीएल उघडा, व्हर्च्युअलबॉक्स होस्ट-ओन्ली कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये एनडीआयएस६ ब्रिज्ड नेटवर्किंग ड्रायव्हरसमोर खूण आहे का पाहा, नसेल तर करा, मग कार्ड डिसेबल करून परत एनेबल करा.

घरच्या वायफायवरून हॉटस्पॉटवर आलात आणि गेस्टमध्ये एपीटी किंवा कंपोझर (दोन्ही पॅकेज आणणारी साधनं) "कुड नॉट रिझॉल्व्ह" म्हणू लागला, तर गेस्ट जुन्याच डीएनएसला विचारत बसला आहे. हॉल्ट करून अप दिलं तरी सुटतं. कायमचं सोडवायचं तर व्हेग्रंटफाइलमध्ये व्हर्च्युअलबॉक्सच्या कस्टमाइझ ओळीत नॅट-डीएनएस-होस्ट-रिझॉल्व्हर ऑन करा, म्हणजे नाव शोधायचं काम होस्ट करेल आणि होस्टला नवं नेटवर्क माहीत असतंच.

होस्ट्स फाइलीत नाव देताना कांदा डॉट डेव्ह असं देऊ नका. डॉट डेव्ह ही खरी टॉप लेव्हल आहे आणि ब्राउझर तिथे सक्तीने एचटीटीपीएस मागतो. कांदा डॉट टेस्ट चालतं.

५०२, रिकामं पान, जुनं सीएसएस: सामायिक फोल्डरची दुखणी

सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, म्हणून इथे सावकाश जाऊ.

व्हेग्रंट सामायिक फोल्डर (होस्टवरचं प्रोजेक्टचं फोल्डर, जे गेस्टमध्येही दिसतं) कधी चढवतो हे आधी समजून घ्या. गेस्ट बूट होतो, सर्व्हिसेस सुरू होतात, एसएसएच उघडतं, व्हेग्रंट आत जातो आणि मग फोल्डर माउंट करतो. म्हणजे एन्जिनएक्स सुरू होतो त्या क्षणी प्रोजेक्टचं फोल्डर तिथे असेलच असं नाही. तुमची सर्व्हर कॉन्फिग, लॉगचं फोल्डर किंवा एसएसएलचं प्रमाणपत्र सामायिक फोल्डरात असेल, तर एन्जिनएक्स बूटच्या वेळी पडतो आणि पडलेलाच राहतो. आता हे फसवं आहे: तुम्ही आत जाऊन एन्जिनएक्स टी ऑप्शनसह तपासता, तोवर फोल्डर आलेलं असतं, त्यामुळे तो "सिंटॅक्स इज ओके" म्हणतो. रीस्टार्ट दिला की चालतो. दुसऱ्या दिवशी परत बंद. जर्नलसीटीएल यू एन्जिनएक्स बी असं पाहिलं तर या बूटमधली पहिली ओळच सांगते की अमुक फाइल सापडली नाही, आणि तिची वेळ माउंटच्या आधीची असते.

उपाय दोन आहेत. कॉन्फिग, प्रमाणपत्रं आणि लॉग गेस्टच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवा; हा बरा. किंवा व्हेग्रंटफाइलमध्ये एक शेल प्रोव्हिजनर (व्हेग्रंट आपोआप चालवतो ती स्क्रिप्ट) रन ऑल्वेज, म्हणजे दर वेळी धावणारा, असा लावून लिहा आणि त्यात एन्जिनएक्सला रीस्टार्ट द्या. प्रोव्हिजनर फोल्डर चढल्यानंतर धावतात, म्हणून क्रम बरोबर बसतो. मशीन व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीतून स्टार्ट दाबून उठवायची सवय असेल तर ती मोडा; त्या वाटेने व्हेग्रंट मध्ये येतच नाही.

लक्षणांवरून बरंच कळतं. "फाइल नॉट फाउंड" किंवा ४०४ आलं आणि व्हार-डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूखालचं फोल्डर एलएसला रिकामं दिसलं, तर माउंट झालेलं नाही. ५०२ आलं तर एन्जिनएक्स जिवंत आहे, पण पीएचपी-एफपीएम बंद आहे किंवा सॉकेटचं नाव जुळत नाही, पीएचपी ८.१ वरून ८.३ केलं आणि कॉन्फिगमध्ये जुनंच सॉकेट राहिलं की हेच होतं. पान आलं पण रचना उडालेली असेल आणि ॲप लाराव्हेलचं असेल, तर पब्लिक फोल्डरात हॉट नावाची फाइल आहे का बघा. व्हीटचा डेव्ह सर्व्हर सुरू होताना ती बनवतो आणि नीट बंद होताना पुसतो. लाइट गेली तर पुसायचं राहून जातं, आणि लाराव्हेल बंद पडलेल्या ५१७३ पोर्टवर सीएसएस मागत बसतो. ती फाइल काढून टाका, एवढंच.

अप देताना "अननोन फाइलसिस्टिम टाइप व्हीबॉक्सएसएफ" आलं तर गेस्ट ॲडिशन्सचा (व्हर्च्युअलबॉक्सची गेस्टमध्ये बसवायची जोड) कर्नल मॉड्यूल चढलेला नाही; व्हीबॉक्सएसएफ ही सामायिक फोल्डरची फाइलसिस्टिम त्याच्याशिवाय चालत नाही. गेस्टमध्ये कर्नल अपडेट झाला आणि त्याचे हेडर्स नव्हते, म्हणून मॉड्यूल नव्याने बांधला गेला नाही. चालू कर्नलचे लिनक्स-हेडर्स, बिल्ड-इसेन्शियल आणि डीकेएमएस बसवा. ॲडिशन्स आयएसओवरून बसवलेले असतील तर आरसी-व्हीबॉक्स-ॲड सेटअप चालवा, मग व्हेग्रंट रिलोड.

सीएसएस बदललं, सेव्ह केलं, तरी ब्राउझरमध्ये जुनंच. कॅशे साफ केली तरी जुनंच, किंवा फाइल मध्येच कापली गेलेली, किंवा शेवटी कचरा अक्षरं. हा सेंडफाइलचा (फाइल थेट कर्नलमार्फत पाठवायच्या सर्व्हरच्या सोयीचा) दोष आहे. व्हीबॉक्सएसएफवर सेंडफाइलने दिलेली फाइल बदललेला मजकूर नीट दाखवत नाही. एन्जिनएक्समध्ये सेंडफाइल ऑफ, अपाचेमध्ये एनेबल-सेंडफाइल ऑफ. फक्त डेव्हलपमेंट मशीनवर. प्रॉडक्शनवर तो ऑनच राहू द्या.

व्हीटचं आपोआप रिफ्रेश होत नाही ही वेगळी गोष्ट. विंडोजवर फाइल बदलली याची खबर, म्हणजे आयनोटिफाय, व्हीबॉक्सएसएफमधून गेस्टपर्यंत पोचत नाही. वॉचमध्ये यूज-पोलिंग ट्रू आणि इंटर्व्हल १००० मिलिसेकंद द्या. १०० देऊ नका. मोठ्या प्रोजेक्टवर सीपीयू तेवढ्यानेच तापतो.

नोड मॉड्यूल्सचं (एनपीएमने आणलेल्या पॅकेजांचं) जंगल सामायिक फोल्डरात ठेवणं ही दुखण्यांची खाण आहे. एनपीएम इन्स्टॉल सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारा दुवा) करताना ईप्रोटो किंवा ईपर्म देतो, कारण विंडोजवर सिमलिंकला वेगळी परवानगी लागते. विंडोजवरून इन्स्टॉल केलं आणि गेस्टमध्ये चालवलं, तर ईएसबिल्ड म्हणतो की मी दुसऱ्या प्लॅटफॉर्मसाठी बसवलेला आहे. इतर नेटिव्ह मॉड्यूल "इनव्हॅलिड ईएलएफ हेडर" देतात. एक नियम ठरवा: इन्स्टॉल नेहमी गेस्टमध्येच. नो-बिन-लिंक्स हा ऑप्शन तात्पुरता चालतो, पण त्याने रन स्क्रिप्ट मोडतात. बरा मार्ग म्हणजे गेस्टच्या होम फोल्डरात एक रिकामं फोल्डर करून ते प्रोजेक्टच्या नोड मॉड्यूल्सवर बाइंड माउंट करायचं, म्हणजे त्या जागी हे फोल्डर दिसेल. हे माउंट एफस्टॅबमध्ये लिहू नका. एफस्टॅब बूटच्या वेळी धावतो, नंतर व्हेग्रंट त्यावर अख्खं सामायिक फोल्डर चढवतो आणि तुमचं माउंट खाली दबून जातं. तेही रन ऑल्वेजच्या प्रोव्हिजनरमध्येच लिहायचं.

सीएचमॉड ७७५ देऊनही स्टोरेज फोल्डरात लिहिता येत नाही? व्हीबॉक्सएसएफवर सीएचमॉड, सीएचओन चालत नाहीत. मालक आणि परवानगी माउंट करतानाच ठरते. सिंक्ड फोल्डरच्या ओळीत ओनर व्हेग्रंट, ग्रुप डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा आणि माउंट ऑप्शन्समध्ये डीमोड ७७५, एफमोड ६६४ द्या. आणि मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेसची डेटा डिरेक्टरी सामायिक फोल्डरात कधीच ठेवू नका.

प्रोव्हिजन स्क्रिप्ट "बॅड इंटरप्रिटर" म्हणून पडली आणि नावाच्या शेवटी कॅरेट-एम दिसला, तर विंडोजच्या गिटने ओळीचे शेवट बदललेले आहेत. गिटअॅट्रिब्यूट्समध्ये डॉट-एसएच फाइलींना ईओएल एलएफ लावा आणि फाइल नव्याने चेकआउट करा.

इतकं सगळं टाळायचं असेल तर कोड गेस्टच्या डिस्कवरच ठेवा आणि व्हीएस कोडच्या रिमोट एसएसएचने आत जाऊन लिहा. व्हेग्रंट एसएसएच-कॉन्फिगचा मजकूर आपल्या एसएसएच कॉन्फिग फाइलीत चिकटवला की जोडणी तयार. वेग लगेच जाणवतो, पोलिंग नको, सिमलिंकची भानगड नको. अट एकच: रोज घरी जाण्याआधी गिट पुश, कारण आता कोड त्या एका व्हर्च्युअल डिस्कमध्ये आहे.

घड्याळ

झाकण मिटून उघडल्यावर एपीटी अपडेट "रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट" म्हणतो आणि पुढे किती तास ते लिहितो. एसएसएलची प्रमाणपत्रं चुकीची ठरतात, लॉगिन टिकत नाही. टाइमडेटसीटीएल चालवा. "सिस्टिम क्लॉक सिंक्रोनाइज्ड: नो" असेल तर सिस्टिमडी-टाइमसिंकडी रीस्टार्ट करा. तरीही नो राहिलं, तर त्या नेटवर्कवर यूडीपी १२३ बंद असण्याची शक्यता मोठी आहे. अशा वेळी गेस्ट ॲडिशन्सची व्हीबॉक्ससर्व्हिस होस्टकडून वेळ घेते. ती चालू आहे का बघा.

फरक बरोबर ५ तास ३० मिनिटांचा असेल तर घड्याळ मागे पडलेलं नाही. गेस्ट तेवढा पुढे असेल, तर मशीनच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर क्लॉक इन यूटीसी ही खूण नाही. लिनक्स आपल्या स्थानिक वेळेला यूटीसी समजून बसलं आहे. तसं नसून फक्त लिलावाच्या नोंदींची वेळ साडेपाच तास मागे दिसत असेल, तर ॲपचा टाइमझोन यूटीसी आहे, एशिया-कोलकाता लावा.

रॅम आणि डिस्क

८ जीबीच्या लॅपटॉपवर गेस्टला २०४८ एमबी आणि २ सीपीयू, १६ जीबीवर ४०९६. यापेक्षा जास्त दिलं तर होस्टच धापा टाकतो. बिल्ड मध्येच "किल्ड" म्हणून थांबलं किंवा एक्झिट कोड १३७ आला तर रॅम संपली. २ जीबीची स्वॅप फाइल करून एफस्टॅबमध्ये लिहा.

मायएसक्यूएल सुरूच होत नसेल तर आधी डीएफ एच. डिस्क १०० टक्के भरलेली असते, आणि मायएसक्यूएल ८ मध्ये बायनरी लॉग मुळातच चालू असून ३० दिवस साठतो. डेव्हलपमेंट मशीनवर त्याची गरज नाही, स्किप-लॉग-बिन लावा. जर्नलसीटीएलला व्हॅक्यूम-साइज २०० एम देऊन उरलेली जागा मोकळी करा.

डिस्ट्रॉय करायचंच असेल तर

कधीकधी खरंच नवी मशीन लागते. उदाहरणार्थ, २४.०४ वर जायचं असेल. कॅननिकलने २४.०४ पासून उबुंटूचे अधिकृत व्हेग्रंट बॉक्स (मशीनचे तयार साचे) देणं थांबवलं आहे, म्हणून बेंटोचा बॉक्स घ्या. पण डिस्ट्रॉयने डेटाबेस आणि गेस्टच्या डिस्कवरचं सगळं जातं, तेव्हा आधी डंप, म्हणजे डेटाबेसची फाइलीतली प्रत.

डंप गेस्टच्या आत जाऊन घ्या. विंडोजच्या पॉवरशेलमधून व्हेग्रंट एसएसएच सी देऊन आउटपुट बाणाने फाइलीत वळवू नका. पॉवरशेल ५.१ ती फाइल यूटीएफ-१६ मध्ये लिहितो आणि वाटेत मराठी अक्षरांची वाट लागते. मायएसक्यूएलडंपला रिझल्ट-फाइल आणि डिफॉल्ट-कॅरेक्टर-सेट यूटीएफ८एमबी४ हे दोन ऑप्शन द्या.

मग ती फाइल त्याच जुन्या मशीनमध्ये दुसऱ्या नावाच्या डेटाबेसात आयात करून बघा. लासलगावच्या जागी ७ प्रश्नचिन्हं दिसली, प्रत्येक अक्षराला आणि काना-मात्रेला एक, तर लगेच डेटा गेला असं समजू नका. त्या रकान्यावर हेक्स फंक्शन लावा. उत्तर ई०ए४बी२ ने सुरू झालं तर "ल" जागेवर आहे. फक्त तुमची जोडणी लॅटिन१ मध्ये बोलतेय. सी३ए० ने सुरू झालं तर मजकूर दोनदा एन्कोड झालाय, तो परत फिरवता येतो. ३एफ ३एफ अशी रांग आली तर मात्र डंपमध्ये खरीखुरी प्रश्नचिन्हंच आहेत आणि तो डंप निकामी आहे. जुनी मशीन अजून जिवंत आहे, तिच्यातून डंप पुन्हा घ्या. लासलगाव, पिंपळगाव, विंचूर नीट वाचता आले आणि दोन्हीकडच्या ओळींची संख्या जुळली, की मग डिस्ट्रॉय.